बाधा उतरली, पुढे काय? : सातारा-सांगलीतल्या मनाच्या कामाची वाटचाल

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1989 साली उभी राहिली, तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या पिशवीत ठरलेले सामान असे. कापूर, लिंबू, नारळ, पोटॅशियम परमँगनेटची पुडी, ग्लिसरीनची छोटी बाटली. पुडी नारळाच्या शेंडीत आधीच दडवलेली असायची. ‘मंतरलेले पाणी’ म्हणून वरून ग्लिसरीन सोडले की जरा वेळाने शेंडी पेट घ्यायची. चावडीसमोर बसलेली माणसे आधी दचकायची आणि त्यामागचे रसायन कळले की मोकळेपणाने हसायची. चमत्कारांचे हे सादरीकरण ही समितीची लोकांना झालेली पहिली ओळख. पण कार्यक्रम संपवून सामान आवरताना कुणीतरी मागे रेंगाळायचे. बहुधा एखादी आई, नाहीतर लग्न झालेल्या बहिणीचा भाऊ. “बुवा खोटा, हे पटलं बघा. पण आमच्या पोरीला रातच्याला झोप न्हाई, आपल्याशीच बोलत बसती. तिचं काय करायचं?”

या प्रश्नाला नारळ पेटवून उत्तर देता येत नव्हते. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत मानसिक आरोग्याचे जे काम चळवळीच्या अंगाने वाढले, त्याचे मूळ या प्रश्नात आहे असे मी मानतो. मांत्रिकाला उघडे पाडणे हे काम एका दिवसाचे. त्याच्याकडे गेलेल्या माणसाचे दुःख मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच असते, आणि आता त्याला मांत्रिकाचाही आधार उरलेला नसतो.

हे काम याच मातीत का रुजले, यालाही कारणे आहेत. सातारा आणि सांगली हा मुळात एकच मुलूख. 1949 साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. सत्यशोधक जलसे इथल्या गावांनी पाहिले, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार याच खेड्यांनी जगवले, कर्मवीर भाऊराव पाटलांनी बहुजनांच्या पोरांसाठी वसतिगृह काढले तेही साताऱ्यातच. बाहेरून कुणी येऊन उद्धार करील याची वाट न पाहता गावातल्याच माणसांनी गावाचे काम अंगावर घ्यायचे, ही सवय इथे जुनी आहे. आणि याच मुलखात देवऋषी, कौल, उतारा, गंडेदोरे यांचाही वावर तितकाच जुना.

समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर हे या दोन्ही जिल्ह्यांचे. जन्म साताऱ्यातला, 1 नोव्हेंबर 1945 चा. महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डनमध्ये, वैद्यकीय शिक्षण मिरजेच्या शासकीय महाविद्यालयात. कबड्डीचे मैदान गाजवलेला हा डॉक्टर साताऱ्यात सुमारे बारा वर्षे दवाखाना चालवून पूर्णवेळ समाजकार्यात उतरला. त्यांच्या पत्नी डॉ. शैला दाभोलकर याही साताऱ्यातल्याच वैद्यकीय व्यवसायातल्या. दवाखान्याचा हा वारसा पुढच्या कामाला फार उपयोगी पडला. खेड्यातून येणारा पेशंट डोके दुखते, काळजात धडधडते, अंगातून गरम वाफा येतात असे सांगतो. तपासणीत काहीच सापडत नाही. आणि तरीही तो खोटे बोलत नसतो, हे खेडोपाडीच्या डॉक्टरला ठाऊक असते. त्याला ‘काही झालेले नाही, घरी जा’ म्हणून परत पाठवले की तो थेट भगताच्या ओट्यावर जाऊन बसतो. भगत निदान त्याचे ऐकून तरी घेतो.

त्या काळी दुसरी वाट तरी कुठली होती? महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. सातारा-सांगलीच्या वाट्याला एकही नाही. इथल्या कुटुंबाने रत्नागिरी गाठायची नाहीतर पुण्याचे येरवडा. ‘येरवड्याला पाठवा याला’ हे वाक्य आपल्याकडे शिवीसारखे वापरले जाते. ज्या ठिकाणाचे नाव शिवी झाले, तिथे आपल्या लेकीला घेऊन जायला कुठला बाप राजी होईल? त्यामानाने मांढरदेवी जवळची. तिथे नवस बोलता येतो, सोबत चार गावकरी असतात, आणि घरी परतल्यावर कुणी तोंड फिरवत नाही.

मांढरदेवीचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू. वाई तालुक्यातल्या या डोंगरावरच्या काळूबाईला पौष पौर्णिमेला लाखांनी लोक येतात. तिथल्या झाडांना ठोकलेले खिळे, लिंबे, काळ्या बाहुल्या आणि कुणाकुणाची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती विसरता येत नाहीत. कुणाला मूल हवे आहे, कुणाचा नवरा दारूत बुडाला आहे, कुणाला भावकीने करणी केल्याचा संशय आहे, कुणाला महिनोन्महिने झोप नाही. त्या झाडावर या साऱ्यांचे दुःख ठोकून ठेवलेले असते. 25 जानेवारी 2005 रोजी यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास 300 माणसे गेली. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग बसला, पायऱ्या, वाटा आणि पशुहत्या यांविषयी निर्णय झाले. त्या गर्दीतले किती जण खरे तर मनाच्या आजारावर उपाय शोधत डोंगर चढले होते, हे मात्र कोणत्याही अहवालात आले नाही. चळवळीतल्या जाणत्यांना ते दिसत होते.

समितीच्या शिबिरांमध्ये ‘अंगात येणे’ हा विषय शिकवताना त्याचे तीन प्रकार सांगितले जात. एक, निव्वळ सोंग. दुसरा, ढोलाच्या, आरतीच्या, गर्दीच्या भरात काही काळ भान हरपणे. ज्या सुनेला एरवी घरात तोंड उघडता येत नाही, तिच्या अंगात देवी आली की सासूही पाया पडते, हे या प्रकारात मोडते. तिसरा, खरा मानसिक आजार. वरवर तिन्ही सारखेच दिसतात. केस मोकळे, घुमणे, आवाज बदललेला. पण पहिल्याला जाब विचारायचा, दुसऱ्याला जागा आणि मोकळीक द्यायची, तिसऱ्याला औषध द्यायचे. ज्याला हा फरक कळत नाही तो कार्यकर्ता आजारी बाईलाच सर्वांसमोर ढोंगी ठरवण्याचा धोका असतो. समितीचे विवेकी वळण जर कुठे पडले असेल तर ते या तीन प्रकारांपाशी. सांगलीतून निघणाऱ्या ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्रा’नेही मन, भ्रम, भास हे विषय सातत्याने वाचकांपुढे ठेवले, प्रा. प. रा. आर्डे यांच्यासारख्या विज्ञानाच्या अध्यापकाने त्या संपादनाची धुरा दीर्घकाळ वाहिली.

साताऱ्यातली ‘परिवर्तन’ ही संस्था दाभोलकरांच्या पुढाकारातून उभी राहिली. तिचे व्यसनमुक्ती केंद्र हा मनाच्या कामाचा पहिला पक्का ओटा. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली ‘मुक्तांगण’ सुरू करून व्यसन हा आजार आहे, त्याला शिक्षा नको, उपचार हवा, ही गोष्ट मराठी समाजाला पटवायला सुरुवात केली होती. साताऱ्यात त्याला चळवळीची जोड मिळाली. 31 डिसेंबरच्या रात्री ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत चौकात दुधाचे पेले वाटणे हे याच मंडळींचे काम. दारूच्या निमित्ताने घरात शिरलेल्या कार्यकर्त्याला हळूहळू त्या घराचे बाकीचे दुखणे दिसू लागते. बायकोची उडालेली झोप, शाळा सोडून बसलेला मुलगा, वर्षभर अंथरुणातून न उठलेली म्हातारी. व्यसनमुक्तीकडून मानसिक आरोग्याकडे जाण्याची वाट अशी घरातूनच गेली.

तिथून ‘मानसमित्र’ ही कल्पना आकाराला आली. मनोविकारतज्ज्ञ असलेले डॉ. हमीद दाभोलकर यांनी तिला वैद्यकीय बळ दिले. कल्पना साधी आहे. ताप आला की डॉक्टरकडे नेईपर्यंत घरचे कपाळावर पाण्याची पट्टी ठेवतात, तसा मनालाही प्रथमोपचार असतो आणि तो शिकवता येतो. शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटातली ताई, निवृत्त कारकून, कॉलेजातला मुलगा, कुणीही शिकू शकतो. न टोकता ऐकून घ्यायचे. सल्ला देण्याची घाई करायची नाही. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारायला घाबरायचे नाही, कारण विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट दडपलेले बाहेर पडते. कुठला त्रास बोलण्याने हलका होईल आणि कुठल्यासाठी डॉक्टरच हवा, हे ओळखायचे. मग डॉक्टरपर्यंत सोबत जायचे, आणि गोळ्या सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा घरी डोकवायचे.

हे शेवटचे काम सर्वात अवघड, आणि माझ्या मते सर्वात मोलाचे. गोळ्या सुरू झाल्या की पहिल्या आठवड्यात तोंडाला कोरड पडते, झापड येते, आणि गुण यायला दोनतीन आठवडे लागतात. शेजारीण म्हणते, “झोपेच्या गोळ्या हायत त्या, सवय लागंल.” सासरे म्हणतात, “औषधाला पैका कुठवर घालायचा?” नेमक्या त्याच दिवसांत मानसमित्र चहाला म्हणून येतो. ओसरीवर बसतो. पिकाचे, दुधाच्या भावाचे बोलतो. मग हळूच विचारतो, “ताई, गोळी कवा घेता? जेवणाआधी का नंतर?” गोळीचे पाकीट देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असते. कार्यकर्ता पाकिटातल्या रिकाम्या खाचा मोजतो आणि काय ते समजतो. त्या घरात देव्हाऱ्यातल्या अंगाऱ्याविषयी तो एक शब्द काढत नाही. बाईला बरे वाटू लागले की त्या विषयावर बोलायला पुष्कळ वेळ आहे.

इथे चळवळीत मतभेद झाले, आणि इतिहास लिहिताना ते झाकून ठेवणे बरे नव्हे. अंधश्रद्धेशी लढणाऱ्याने अंगाऱ्यापुढे गप्प कसे बसायचे? काहींना ही तडजोड वाटली. जगात इतरत्रही हा पेच लोकांना पडलेला आहे. नायजेरियात डॉ. थॉमस अडेओये लाम्बो यांनी 1954 पासून आरो येथे रुग्णालयाभोवतीच्या खेड्यांत रुग्णांना नातेवाइकांसह राहायला ठेवले आणि तिथल्या पारंपरिक वैद्यांनाही उपचारात सोबत घेतले. आपल्या शेजारच्या गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्याशी हातमिळवणी करून दुआबरोबर दवा देण्याचा प्रयोग झाला. दुसऱ्या टोकाला तमिळनाडूतले एरवाडी आहे. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तिथल्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले 28 मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. श्रद्धास्थानाच्या सावलीत काय काय चालू शकते, हे त्या सकाळी देशाला कळले.

सातारा-सांगलीने काढलेली वाट मला योग्य वाटते. जिथे मारहाण, मिरचीची धुरी, साखळी, उपाशी ठेवणे, औषध बंद करायला लावणे आहे, तिथे कायदा आणि पोलीस. तिथे मवाळपणा नाही. जिथे बाई मंगळवारी देवीला जाऊन येते आणि तिला हलके वाटते, तिथे तिच्या श्रद्धेला धक्का न लावता गोळी चालू ठेवायची. समितीच्या पंचसूत्रीत शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध असे म्हटलेले आहे. ‘शोषण करणाऱ्या’ हे विशेषण तिथे शोभेसाठी घातलेले नाही, मानसमित्राच्या रोजच्या कामाची हद्द त्याने आखून दिली आहे.

आपल्या माणसाचे दुःख आपल्या रीतीने समजून घेणारी व्यवस्था हवी, ही मागणी केवळ आपली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून आणि आफ्रिकेतून ब्रिटनमध्ये गेलेल्या कुटुंबांना तिथल्या मानसोपचार व्यवस्थेचा फार कडू अनुभव आला. आजही तिथे कृष्णवर्णीय माणसाला मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल केले जाण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे चौपट आहे. त्यांचे मोठ्याने बोलणे, चर्चमधले भारावणे, घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द, वंशद्वेषाने पोळलेले मन, यातले काहीच न कळणारा डॉक्टर समोर असेल तर निदानच चुकते. म्हणून तिथल्या लोकांनी शेफील्डसारख्या शहरांत स्वतःच्या संस्था काढल्या. तिथे आपले जेवण मिळते, आपल्या बोलीत बोलता येते आणि डॉक्टरकडे जाताना आपला माणूस सोबत येतो. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तर दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकून त्यावर वस्तीतल्या आज्यांना बसवले. या आज्या शिकवल्याप्रमाणे ऐकतात, प्रश्न विचारतात, एकेक अडचण सोडवायला मदत करतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांच्यापाशी बोलून गेलेल्यांचे नैराश्य नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक उतरल्याचे दिसले. हरारेची आजी आणि खटावची अंगणवाडी ताई यांची गाठ पडली तर कामाविषयी बोलायला त्यांना दुभाषी पुरेल, बाकी काही समजावून सांगावे लागणार नाही.

सांगलीत याच तत्त्वावर दुसऱ्या बाजूने एक काम उभे राहिले आहे, त्याचा उल्लेख या स्मरणिकेत हवाच. 1992 साली मीना सरस्वती शेषू यांच्या पुढाकाराने ‘संग्राम’ संस्था गोकुळनगरच्या वेश्यावस्तीत गेली ती एचआयव्ही रोखण्यासाठी. वस्तीतल्या बायकांना बाहेरून आलेल्या उपदेशकांचा वीट आला होता. दवाखान्यात गेल्या तर आधी धंद्यावर व्याख्यान, मग तपासणी. ‘संग्राम’ने निरोध वाटण्याचे, सोबत दवाखान्यात जाण्याचे, आजारात उशाशी बसण्याचे काम त्यांच्याच हाती दिले आणि 1996 साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्यांची स्वतःची संघटना झाली. मानसिक आरोग्य हा शब्द त्या कामावर लिहिलेला नव्हता. पण कन्नड मुलखातून आलेली, यल्लम्माला वाहिलेली बाई जेव्हा मैत्रिणीच्या मांडीवर डोके ठेवून कन्नडमध्ये रडते आणि तिला कुणी ‘हा धंदा सोड’ म्हणत नाही, तेव्हा तिला मिळणारा आधार कुठल्याही समुपदेशन केंद्राच्या तोडीचा असतो.

20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यावर इथे अधिक लिहीत नाही. या स्मरणिकेचे वाचक त्या दिवशी कुठे होते ते त्यांना आठवत असेल. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षे झगडले तो आधी वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाने संमत केला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाविषयी आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद, पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. मनोरुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर हा कायदा त्याच्या अंगावर पडणारा चाबूक अडवणारा कायदा आहे.

चार वर्षांनी केंद्राचा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 आला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. उपचार मिळणे हा हक्क झाला, रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आली, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहावे, असे कायद्याने सांगितले. कागदावर हे सारे फार चांगले आहे. पण डॉक्टर कुठे आहेत? देशात लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ 0.75, म्हणजे एकसुद्धा पुरा नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना कुठला ना कुठला मानसिक त्रास असल्याचे आढळले आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. त्या सर्वेक्षणाच्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणजे आपल्या माण, जत, आटपाडीचे दुःख मोजण्याचेही राहून गेले.

2020 च्या टाळेबंदीत या साऱ्या पूर्वतयारीची परीक्षा झाली. दवाखाने करोनाने भरलेले, एसटी बंद, घराघरात भीती. ‘परिवर्तन’ आणि समितीचे प्रशिक्षित मानसमित्र ‘मनोबल’ हेल्पलाइनवर फोनशी बसले. हातातले काम गेलेला मजूर, दारू अचानक तुटल्याने थरथरणारा माणूस, मुंबईतल्या लेकाचा फोन लागत नाही म्हणून कासावीस झालेली आई यांच्याशी बोलायला नवे काही शिकावे लागले नाही. ओसरीवर बसून वर्षानुवर्षे जे केले तेच फोनवर केले.

या कामाच्या मर्यादाही लिहून ठेवल्या पाहिजेत. स्वयंसेवक थकतो. दुसऱ्याचे दुःख ऐकून त्याचीही झोप उडते, आणि त्याचे ऐकायला कुणी नसेल तर तो दोन वर्षांत काम सोडतो. पुरुष अजूनही फार कमी बोलतात. दारूपर्यंत येतात, मनापर्यंत येत नाहीत. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी खानापूर-आटपाडीतून देशभर पांगलेली तरुण पोरे, ऊसतोडीच्या हंगामात फडावर उतरणारी बिऱ्हाडे, कृष्णेला पूर आला की दर पावसाळ्यात धसका घेणारी काठची गावे, यांच्यापर्यंत अजून पुरेसे पोहोचता आलेले नाही. आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्याच्या साध्या गोळ्या बारमाही मिळाल्याशिवाय मानसमित्राने पेशंटला सोबत नेण्याला काही अर्थ राहत नाही. ही मागणी चळवळीने सोडता कामा नये.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती जाईल त्यांना एवढेच सांगणे: मदतीसाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र सुरू आहे, मराठीतही बोलता येते. तो आकडा ग्रामपंचायतीच्या, दूध डेअरीच्या, शाळेच्या भिंतीवर लिहून घ्या. आणि आपल्या गावातून दोन माणसे मानसमित्र प्रशिक्षणाला पाठवा; त्यांत एक बाई असावी.